माझे पाचारण चुकले का?

दरवर्षी पुनरुत्थानकाळातील चौथा रविवार आपण उत्तम मेंढपाळाचा रविवार म्हणून पाळतो. परमगुरू सहावे पौल यांनी १९६४ साली या रविवारी पाचारणासाठी जगभर प्रार्थना करण्याची प्रथा सुरू केली. त्या दिवशी आपल्या चर्चमध्येही ठरलेल्या गोष्टी होतात. सेमिनरीत शिकणारे एखादे ब्रदर येऊन दोन शब्द बोलतात, एखादी सिस्टर आपल्या संघाची पत्रके वाटते, पहिल्या बाकावरची मुले माइकसमोर 'मी फादर होणार' असे सांगतात आणि त्यांच्या आया मागे बसून हसतात. पुढच्या रविवारपासून 'पाचारण' हा शब्द वर्षभरासाठी कपाटात बंद होतो.

जणू ज्यांच्या अंगावर झगा चढला त्यांनाच देवाने बोलावले आणि बाकीचे सगळे न बोलावता आले! ख्रिस्तसभेची शिकवण अशी नाही. त्याच १९६४ सालच्या नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्तसभेविषयीचा आपला मोठा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्याच्या पाचव्या प्रकरणात परिषदेने स्पष्ट केले की, पावित्र्याचे पाचारण हे सर्वांना आहे. बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला आहे. धर्मगुरू, धर्मभगिनी, शेतकरी, नर्स, रिक्षा चालवणारा, घर सांभाळणारी आई, कोणीच यातून सुटत नाही.

इथपर्यंत कोणाचा वाद नसतो. अडचण पुढे येते. पावित्र्याचे पाचारण सर्वांना आहे हे मान्य, पण देवाने 'माझ्यासाठी' म्हणून काही वेगळे ठरवले आहे का? असेल तर ते मला कळणार कसे? आणि समजा ते माझ्या हातून निसटले, तर पुढचे आयुष्य कशाला म्हणायचे?

हा प्रश्न पुस्तकी नाही. आपल्याच धर्मग्रामातील एका बाईंनी मला तो विचारला. त्यांच्या परवानगीने लिहीत आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांचे वय साठीच्या जवळ आहे. अठराव्या वर्षी त्यांना सिस्टर व्हायचे होते. कॉन्व्हेंटमध्ये बोलणी झाली होती, जायची तारीखही ठरली होती. त्याच पावसाळ्यात आईला अर्धांगवायूचा झटका आला. घरात वडील, दोन लहान भावंडे, त्यातला धाकटा जन्मापासून अधू. त्या थांबल्या. वर्षभरासाठी म्हणून थांबल्या होत्या. आई अकरा वर्षे अंथरुणावर होती. त्यानंतर वडील गेले, बहिणीचे लग्न झाले, आणि धाकट्याला भरवणे, न्हाऊ घालणे, रात्री उठून कूस बदलणे हे चालूच राहिले. पहाटे फुले आणि भाजी घेऊन लोकलने मुंबईला जाणे, दुपारी परत, असे त्यांचे दिवस गेले. भाऊ आता देवाघरी गेला. घर रिकामे झाले आणि तेव्हा त्या माझ्याकडे आल्या.

"फादर, देवानं मला बोलावलं होतं. मी गेले नाही. आता वर गेल्यावर तो विचारेल ना, तुझी जागा रिकामी का ठेवलीस म्हणून?"

हा प्रश्न ऐकून घाईने सांत्वन करू नये असे मला वाटते. 'अहो बाई, हीच देवाची इच्छा होती' असे म्हणणे फार सोपे आहे. पण त्यात दोन घोटाळे आहेत. पहिला म्हणजे आईच्या मेंदूतली रक्तवाहिनी देवाने तोडली, असे आपण नकळत सुचवून जातो. मी तसे म्हणणार नाही. देव अनेक गोष्टी घडू देतो, त्या सगळ्या त्याच्या मनात असतात असे नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी देवाची इच्छा आणि देवाची अनुमती यांत केलेला भेद सेमिनरीत आम्हाला परीक्षेपुरता वाटायचा. मर्तिकाच्या घरी बसल्यावर त्याची किंमत कळते. दुसरा घोटाळा असा की, त्या बाईंच्या मनातले देवाचे चित्र आपण तसेच राहू देतो. त्या चित्रात देव स्टेशनमास्तरसारखा आहे. प्रत्येकाची एकच गाडी, एकच वेळ, एकच फलाट. पोहोचलात तर ठीक, नाहीतर गाडी सुटली आणि तुम्ही जन्मभर फलाटावर.

या चित्राविरुद्ध गेल्या शतकात ज्यांनी सर्वांत जोरात आवाज उठवला त्यांत देव न मानणारे फ्रेंच तत्त्वज्ञ जाँ-पॉल सार्त्र होते. १९४५ साली पॅरिसमध्ये त्यांनी दिलेले एक व्याख्यान प्रसिद्ध आहे. त्यांचा मुद्दा साधा होता. कागद कापायची सुरी घ्या. ती घडवण्याआधी कारागिराच्या डोक्यात ती कशासाठी आहे हे पक्के असते. आपल्याकडे लोहार कोयता करतो तेव्हा तो केळीच्या बागेत चालणार हे त्याला ठाऊक असते. ज्यांनी देवाला निर्माता मानले, ते माणसालाही असाच एक कोयता समजतात, असे सार्त्र म्हणतात. त्यांच्या मते कारागीर नाही, त्यामुळे आधी ठरलेला हेतूही नाही. माणूस आधी असतो आणि मग निवडी करत करत स्वतःला घडवतो.

पुढे त्याच व्याख्यानात ते एक आठवण सांगतात. दुसऱ्या महायुद्धात ते जर्मनांच्या कैदेत असताना त्यांना तिथे एक येशूसंघीय भेटला. त्याच्या आयुष्यात एकामागून एक अपयशे आली होती. लहानपणी वडील गेले, गरिबी आली, शाळेत धर्मादायाने ठेवून घेतल्याची जाणीव करून दिली जाई, अठराव्या वर्षाच्या सुमारास प्रेमात निराशा झाली आणि बावीसाव्या वर्षी सैन्याची परीक्षाही हुकली. या सगळ्यांतून त्याने काढलेला अर्थ असा, की ऐहिक यश आपल्यासाठी नाही, देव आपल्याला धर्मजीवनाकडे बोलावतो आहे. सार्त्र यावर टोकतात. त्याच अपयशांचा दुसरा कोणी दुसरा अर्थ लावला असता. सुतार झाला असता, नाहीतर क्रांतिकारक. खूण आकाशातून आली असेल वा नसेल, पण तिचा अर्थ त्याने स्वतः लावला आणि त्याची जबाबदारीही त्याचीच.

सेमिनरीत आमच्या प्राध्यापकांनी हा उतारा वाचून दाखवला तेव्हा वर्गात शांतता पसरली होती. आमच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाकडे अशी एखादी 'खूण' होती. कोणी आजारातून वाचला होता, कोणाच्या आजीला स्वप्न पडले होते.

सार्त्र यांचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे, आणि ते मान्य करण्यात श्रद्धेला काही धोका दिसत नाही. खुणांचा अर्थ आपणच लावतो. तो लावण्याची जबाबदारी देवावर ढकलता येत नाही. पण त्यांचे कोयत्याचे उदाहरण ख्रिस्ती देवाला लागू पडत नाही. हत्यार घडवणाऱ्याला हत्याराची संमती नको असते. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांना काय म्हटले ते योहानाच्या पंधराव्या अध्यायात पाहा. आता तुम्ही माझे दास नाही, मित्र आहात, या अर्थाचे ते शब्द आहेत. दासाला हुकूम असतो. मित्राला मन उघडून दाखवले जाते, आणि मग मित्र काय करतो याची वाट पाहिली जाते. मुलाचे भले व्हावे ही बापाची इच्छा पक्की असते, पण शहाणा बाप मुलाच्या साठ वर्षांचा आराखडा आधीच काढून कुलपात ठेवत नाही. देवाचा आपल्याविषयी हेतू आहे म्हणजे आपल्या नावाचे एक बंद पाकीट स्वर्गात आहे असे नव्हे. तो हेतू आपल्याबरोबर चालतो. आपण वळलो की तोही वळतो, पण सोडून जात नाही.

हे हवेत राहू नये म्हणून वसईच्या मातीतलेच उदाहरण घेतो.

संत गोन्सालो गार्सिया आपल्याला माहीत आहेत असे आपण समजतो. महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे, वेदीवर पुतळा आहे, फेब्रुवारीत सण आहे. पण त्यांच्या आयुष्याचा मधला भाग आपण भराभर उरकतो. सोळाव्या शतकाच्या मध्यात वसईत त्यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इथली. येशूसंघीयांकडे शिक्षण झाले आणि किशोरवयातच त्यांच्याबरोबर ते जपानला गेले. तिथली भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून त्यांनी काम केले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनापासून इच्छा होती. तो मिळाला नाही.

का मिळाला नाही? त्या काळी इथे जन्मलेल्या किंवा मिश्र वंशाच्या मुलांना युरोपीय संघांची दारे सहसा उघडत नसत, एवढे लक्षात घेतले तर तर्क करता येतो. मला इथे थांबून एक गोष्ट सांगायची आहे. रंग आणि जन्म पाहून दार लावणे हा देवाचा आवाज नसतो. ते माणसाचे पाप असते, मग लावणारा हात कितीही पवित्र कामाचा असो. तेव्हा 'देवानेच नकार दिला' असे म्हणून त्या नकाराला पावन करून घेण्याची गरज नाही.

पण गोन्सालोंनी काय केले ते पाहा. ते मकावला गेले आणि व्यापारी झाले. धंदा चांगला चालला. आपल्या हिशेबाने पाचारणाची गोष्ट इथे संपली. अठरा-वीस वर्षांच्या मुलाला देवाने बोलावले, माणसांनी हाकलले, तो दुकानदार झाला. पुढे ते फिलिपिन्समध्ये मनिलाला पोहोचले आणि तिथे फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून दाखल झाले. धर्मगुरू नव्हे, ब्रदर. १५९३ साली मनिलाहून पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर एक शिष्टमंडळ जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे निघाले. या हिदेयोशीने १५८७ सालीच मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढलेला होता. त्याच्यासमोर बोलायला भाषा जाणणारा भरवशाचा माणूस हवा होता. कोण मिळाला? ज्याला येशूसंघाने घेतले नव्हते तो वसईचा मुलगा. नाकारल्या गेलेल्या वर्षांत शिकलेली भाषा कामी आली, व्यापारात कमावलेले व्यवहारज्ञानही वाया गेले नसणार.

पुढचे आपल्याला ठाऊक आहे. क्योतोमध्ये चर्च उभे राहिले, महारोग्यांची सेवा सुरू झाली. १५९६ साली 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागले, त्यावरून राजकारण पेटले आणि धरपकड झाली. भर थंडीत क्योतोपासून नागासाकीपर्यंत त्यांना चालवत नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जणांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी मारण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन होते, तीन येशूसंघीय होते आणि बाकी सतरा जपानी प्रापंचिक. सर्वांत धाकटा बारा वर्षांचा. म्हणजे ज्यांच्या संघात गोन्सालोंना जागा नव्हती, त्यांच्याच माणसांच्या रांगेत शेवटी त्यांचा क्रूस उभा राहिला. परमगुरू नववे पायस यांनी १८६२ साली या सव्वीस जणांना संत म्हणून घोषित केले. भारतात जन्मलेले ते पहिले संत.

सार्त्र असते तर म्हणाले असते, 'पाहा, इथेही अर्थ माणसानेच लावला.' हो, लावला. पण एकदाच नाही लावला. नकाराचा अर्थ 'देवाला मी नको' असा त्यांनी लावला असता तर मकावमध्ये ते श्रीमंत होऊन मेले असते. 'मला येशूसंघीयच व्हायचे, दुसरे काही नाही' असा हट्ट धरला असता तर मनिलाचे दार त्यांना दिसलेच नसते. अर्थ लावणे चूक किंवा बरोबर असू शकते, हे सार्त्र विसरतात. डॉक्टर एक्स-रे पाहून अर्थच लावतो, पण म्हणून सगळे डॉक्टर सारखे बरोबर नसतात.

मग बरोबर अर्थ कसा लावायचा? याबाबत ख्रिस्तसभेतला सर्वांत अनुभवी वाटाड्या म्हणजे लोयोलाचे संत इग्नेशियस, आणि त्यांची गोष्ट गोन्सालोंच्या अगदी उलटी आहे. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला, अंथरुणावर पडून संतांची चरित्रे वाचली, मन पालटले. यानंतर देव आपल्याला येरुशलेममध्ये राहायला सांगतो आहे याची त्यांना पूर्ण खात्री झाली. १५२३ साली ते तिथे पोहोचले. पवित्र स्थळांची देखरेख फ्रान्सिस्कनांकडे होती. त्यांच्या वरिष्ठांनी स्पष्ट सांगितले, इथे राहता येणार नाही, आणि न ऐकल्यास बहिष्काराचा अधिकार आपल्याकडे आहे असेही सांगितले. इग्नेशियस परत फिरले. फ्रान्सिस्कनांनी परतवलेल्या माणसाने येशूसंघ काढला आणि येशूसंघाने न घेतलेला माणूस फ्रान्सिस्कन म्हणून संत झाला. देवाला विनोदबुद्धी नाही असे कोणी म्हणू नये!

येरुशलेमहून परत येताना इग्नेशियस यांच्याजवळ 'आता काय करावे' एवढाच प्रश्न होता. तिशी उलटलेला हा सरदार मग बार्सिलोनात पोरांच्या बाकावर बसून लॅटिनचे व्याकरण शिकू लागला. त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात एक गोष्ट ते पुन्हापुन्हा बजावतात, तिचा आशय असा. अनेक लोक आधी साधन ठरवतात आणि मग साध्याला त्याच्यामागे ओढतात. आधी लग्न ठरवतात, आधी पद ठरवतात, मग त्यातच देवाची सेवा करू म्हणतात. म्हणजे आपण देवाकडे जायचे नाही, देवाने आपल्या सोयीने आपल्याकडे यायचे.

हे वाचताना मला आपल्याकडची दहावी-बारावीची घरे आठवतात. मुलगा जन्मला त्या दिवशी त्याचे 'पाचारण' ठरलेले असते. डॉक्टर, इंजिनिअर, आता कॅनडा. त्याला काय जमते, कशात त्याचा जीव रमतो, कोणाचे दुःख पाहून तो अस्वस्थ होतो, हे कोणी विचारत नाही. मुलाला लाकडाचा नाद आहे, पण सुतारकाम म्हणजे कमीपणा. अहो, आपण ज्याची उपासना करतो तो कोण होता? आणि याच आईबापांचा मुलगा उद्या 'सेमिनरीत जातो' म्हणाला की एकाएकी देवाची इच्छा तपासून घेण्याची गरज भासू लागते. बँकेत जातो म्हणाला तेव्हा ती भासली नव्हती.

उलट बाजूही सांगायला हवी. 'देवाने मला सांगितले' हे वाक्य फार जपून वापरावे. घरात बायकामुले उपाशी ठेवून प्रार्थनासभांमागे फिरणारे पुरुष मी पाहिले आहेत. 'हेच माझे पाचारण' म्हणून कमिटीतले पद वीस वर्षे न सोडणारेही पाहिले आहेत. (हे वाचून कोणी स्वतःकडे ओढून घेतले तर माझी हरकत नाही.) खऱ्या पाचारणाची एक पारख अशी की ते 'नाही' ऐकू शकते. इग्नेशियसांनी ऐकले, गोन्सालोंनी ऐकले. ज्याला कोणीच नाही म्हणू शकत नाही, बायको नाही, बिशप नाही, डॉक्टर नाही, त्याने ऐकलेला आवाज बहुधा त्याचा स्वतःचाच असतो.

इथे एक शंका रास्त आहे. देव कोणत्याही वळणावरून आपल्याला घेऊन जाऊ शकतो, तर मग काहीही केले तरी चालेल का? नाही. मार्कच्या दहाव्या अध्यायातला श्रीमंत माणूस आठवा. येशूने त्याच्याकडे प्रेमाने पाहिले आणि बोलावले. तो खिन्न होऊन निघून गेला. त्याचे पुढे काय झाले ते शुभवर्तमान सांगत नाही. कदाचित तो परत आलाही असेल. पण त्या दिवशी त्याने काहीतरी खरोखर गमावले आणि ते त्याला स्वतःला समजत होते, नाहीतर तो खिन्न कशाला झाला असता? पाचारण नाकारता येते. तेवढे स्वातंत्र्य खरे आहे, तेवढे नुकसानही खरे आहे.

म्हणूनच त्या बाईंचा प्रश्न आणि त्या श्रीमंत माणसाची गोष्ट एक नव्हे. तो धरून ठेवण्यासाठी थांबला. त्या देण्यासाठी थांबल्या. मी त्यांना एवढेच विचारले, "कॉन्व्हेंटमध्ये जाऊन तुम्ही काय करणार होता?" त्या म्हणाल्या, "आजाऱ्यांची सेवा." मग आम्ही दोघेही थोडा वेळ गप्प बसलो. पण एक सांगतो, त्यांच्या मनातली हुरहुर मी पुसून टाकली नाही आणि पुसू नये असे मला वाटते. अठराव्या वर्षी पाहिलेले ते जीवन चांगले होते आणि ते त्यांना मिळाले नाही. त्याबद्दल देवाजवळ रडण्याचा त्यांना हक्क आहे. कॉन्व्हेंटमधली त्यांची जागा रिकामी राहिली असेल. घरातली राहिली नाही.

हा सगळा विचार करताना एक टोचणी मनात राहते. 'माझ्या आयुष्याचा हेतू काय' हा प्रश्न विचारायला फुरसत लागते, आणि निवड करायला थोडे पैसेही लागतात. सकाळी नाक्यावर जाऊन पाहा. गवंडी, रंगारी, बिगारी डबा घेऊन उभे असतात. दहा वाजेपर्यंत कोणी बोलावले नाही तर घरी परत. त्यांना आपण पाचारणावर काय प्रवचन देणार? मत्तयच्या विसाव्या अध्यायातले मजूर असेच नाक्यावर उभे होते. मालकाने शेवटच्या तासाला विचारले, दिवसभर रिकामे का उभे? त्यांचे उत्तर एवढेच की आम्हाला कोणी कामाला लावले नाही. येशूच्या गोष्टीतला मालक त्यांना आळशी म्हणत नाही. तो त्यांना बोलावतो आणि पूर्ण दिवसाची मजुरी देतो. या दाखल्यावर आपण दयेविषयी पुष्कळ ऐकले आहे. पण तो पाचारणाचाही दाखला आहे. तो मालक पहाटे, नऊला, बाराला, तीनला आणि पाचला, पुन्हापुन्हा बाहेर येतो. आणि ज्यांच्या हाती नेमणुका आहेत, शाळेत, दुकानात, शेतात, त्यांच्यासाठी त्यात एक वेगळा प्रश्न आहे. काही माणसांना त्यांचे काम सापडत नाही, कारण ते देणारे आपण बाहेर पडलेलो नसतो.

शेवटी, पाचारण सापडले म्हणजे संपले असेही नाही. धर्मग्रामातील आम्हा धर्मगुरूंचे आश्रयदाते संत जॉन मारी व्हियानी १८१८ साली आर्स या छोट्याशा गावात आले. गावात जेमतेम दोनशे-अडीचशे माणसे. पुढे त्यांची कीर्ती इतकी पसरली की दूरदूरहून लोक येऊ लागले आणि दिवसाचे बारा-बारा, कधी सोळा तास ते पापनिवेदन ऐकत बसू लागले. याच व्हियानींच्या मनात आयुष्यभर एकच ओढ होती, हे सगळे सोडून एखाद्या मठात एकांतात जाऊन प्रार्थना करावी. एकदा नव्हे, अनेकदा ते गाव सोडून निघाले. १८४३ मध्ये निघाले, १८५३ मध्ये पुन्हा रात्री निघाले. गावकऱ्यांनी थांबवले, लोक मागे धावले, ते परत येऊन आपल्या कोंदट पापनिवेदनाच्या कोठडीत बसले. ४ ऑगस्ट १८५९ रोजी त्यांना मरण आले ते आर्समध्येच.

मला ही गोष्ट फार धीर देते. पाचारणाशी निष्ठा म्हणजे मनाला कधी पळावेसे न वाटणे, असे आपण समजतो. वीस वर्षांच्या संसारानंतर एखाद्या संध्याकाळी नवऱ्याला किंवा बायकोला 'आपण हे काय करून बसलो' असे वाटले, तर लगेच पाचारण चुकले असे होत नाही. इग्नेशियस यांचा याबाबत एक नियम आहे. मन उदास आणि अंधारलेले असताना पूर्वी केलेला निश्चय बदलू नये. उजाडेपर्यंत थांबावे. उजाडल्यावरही तसेच वाटले तर विचार करावा, कोणाशी तरी बोलावे.

बोलण्यावरून आठवले. यंदा निकाल लागल्यानंतर दर बुधवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत मी कार्यालयात मोकळा असेन. ज्या मुलामुलींना पुढे काय करावे हा प्रश्न आहे त्यांनी यावे. एकटे आलात तर बरे. आईवडिलांसाठी शनिवारची वेळ वेगळी ठेवली आहे, आणि त्यांनीही मुलांना न घेता यावे.